हे कुणापुरतं?

आमच्या ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरना लुगडी नेसवलेली होती. थट्टा नाही. भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत पहिल्या मजल्यावर आमचा गाळा होता आणि खाली स्टीलच्या डब्यांना पॉलिश करायचा कारखाना. दिवसभर खालून एक काळी, बारीक पूड वर यायची आणि टेबलावर, चहात, नाकात जाऊन बसायची. त्या पुडीने दोन मशीन आजारी पडल्यावर घरत मॅडमनी आईची जुनी लुगडी घरून आणली, कापली, कडेला टीप मारली आणि सहाही मशीनना एकेक झाकण शिवलं. एक हिरवं, दोन जांभळी, बाकीची चौकडीची. संध्याकाळी निघताना प्रत्येकाने आपापल्या मशीनला लुगडं नेसवायचं, असा नियम. मुलाखतीला आले तेव्हा मला वाटलं, आपण चुकून शिंप्याकडे शिरलो.

शालन घरत हे त्यांचं पूर्ण नाव. मालक भरतभाई त्यांना शालनबेन म्हणत, आम्ही चौघं प्रोग्रामर मॅडम म्हणायचो, आणि काशीगावात, त्यांच्या गावात, त्या नुसत्या ‘शालन’ होत्या. वय चाळिशीच्या आसपास, उंची बेताची, आवाज मात्र खालच्या पॉलिश मशीनवर मात करणारा. गणितात एमएस्सी. लग्न केलेलं नव्हतं. त्याबद्दल त्या बोलायच्या नाहीत आणि विचारायची कुणाची टाप नव्हती. डब्यात रोज भाकरी आणि काही ना काही सुकी मासळी. डबा उघडला की आमचा जिग्नेश खिडकीकडे सरकायचा. मॅडम म्हणायच्या, “सरक, सरक. पण खिडकी उघडू नकोस, पूड येते.”

नव्वदच्या दशकाचा मध्य होता तो. लालबागची चाळीतली खोली सोडून आम्ही नवरा-बायको मीरा रोडला नवीन इमारतीत राहायला आलो होतो. इमारत नवीन, लिफ्ट नवीन, नळ नवीन, फक्त नळाला पाणी नव्हतं. टँकर आला की अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन खाली. नवऱ्याची कंपनी तेव्हा बंद पडायच्या बेतात होती, त्यामुळे माझी नोकरी हौसेची नव्हती. तीन महिने बघू, मग पक्कं करू, असं भरतभाईंनी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

आम्ही ज्या भाषेत प्रोग्राम लिहायचो तिचं नाव स्मॉलटॉक. आमच्या आसपास फारसं कुणी तिच्या वाटेला जात नव्हतं. भरतभाईंच्या परदेशातल्या मेव्हण्याने ती त्यांच्या गळ्यात मारली होती आणि भरतभाईंनी ती मॅडमच्या. तिची एक गंमत होती. त्या भाषेत प्रत्येक प्रकारच्या वस्तूचा एक क्लास असतो; म्हणजे त्या वस्तूला काय काय करता येतं याची यादीच. आकड्यांचा क्लास, तारखांचा क्लास, अक्षरांच्या ओळींचा क्लास. इतर भाषांमध्ये हे मूळ सामान कुलूपबंद असतं. इथे कुलूप नव्हतं. तुम्हाला वाटलं, आकड्यांना आणखी एक गोष्ट यायला हवी, तर तुम्ही थेट आकड्यांचा क्लास उघडून ती लिहून टाकू शकत होता. आणि ती लिहिली, की तुमच्याच नाही, सगळ्यांच्या कामातल्या सगळ्या आकड्यांना ती त्या क्षणापासून यायला लागायची.

मला हे कळलं तेव्हा मी हरखून गेले. पहिल्याच आठवड्यात मॅडमना म्हटलं, “मॅडम, मी आकड्यांच्या क्लासमध्ये एक छोटीशी गोष्ट घालतेय.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “हे कुणापुरतं?”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझ्या एका कामापुरतं, की आपल्या सगळ्यांसाठी?”

“माझ्या कामासाठीच. पण घातलं तर सगळ्यांनाच मिळेल ना?”

“मागितलंय का त्यांनी?”

मग त्यांनी टेबलावरची एक लांबट हिरवी वही पुढे सरकवली. मूळ क्लासला हात लावायचा असेल, तर या वहीत लिहायचं: काय घालतोय, कशाला घालतोय, आणि ‘कुणापुरतं’. मग वही घेऊन प्रत्येकाच्या टेबलाशी जायचं, तो बदल मोठ्याने वाचून दाखवायचा आणि सही घ्यायची. एकाची जरी सही नसली तरी बदल नाही. आपल्यापुरतंच हवं असेल तर मूळ क्लासला हातच लावायचा नाही. त्याच्यावरून आपला एक वेगळा क्लास काढायचा, त्याला आपलं नाव द्यायचं आणि त्यात हवे ते गोंधळ घालायचे. मला हा सगळा प्रकार हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगसारखा वाटला. भरतभाईंनाही वाटायचा. “शालनबेन एक्सप्रेस गाडी नहीं है, मालगाडी है,” असं ते म्हणायचे. मॅडम म्हणायच्या, “मालगाडी उशिरा पोचते भरतभाई, पण माल पोचतो.”

बाईंचा हा प्रश्न ऑफिसपुरता नव्हता, तो चोवीस तास चालू असे. एकदा आमच्यातल्या विनायकने चहावाल्याला खिडकीतूनच ओरडून सांगितलं, “भैया, कल से अदरकवाली!” दुसऱ्या दिवशी सहाही ग्लासात आलं. भरतभाईंना आल्याने जळजळ व्हायची, ते दुपारभर पोट धरून बसले. मॅडमनी विनायकला समोर उभं केलं. “कल से अदरकवाली. कुणापुरतं सांगितलंस?” बिचारा पुढचा महिनाभर रोज खाली जाऊन, “एक अदरकवाली, पाँच सादी,” असं सांगून यायचा.

मॅडम बदलाच्या विरोधात होत्या असं मात्र समजू नका. भाषेत तारीख अमेरिकन पद्धतीने छापली जायची, आधी महिना, मग दिवस. त्यामुळे आमच्या गिऱ्हाइकांचा रोज गोंधळ. तेव्हा त्यांनीच वहीत लिहिलं, ‘कुणापुरतं: सगळ्यांसाठी’, आणि स्वतः, त्या आमच्यात सगळ्यांत मोठ्या असूनही, वही घेऊन प्रत्येकाच्या टेबलाशी आल्या. माझ्याही. मी रुजू होऊन वीस दिवस झाले होते. त्यांनी बदल वाचून दाखवला आणि माझ्याकडे बघत थांबल्या. मी घाईघाईने सही करायला गेले तर वही मागे घेतली. “कळलं का ते सांग, मग सही कर.” सगळ्यांच्या सह्या झाल्यावर त्यांनी स्वतःकडून कांदाभजी मागवली.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते त्यांनीच एकदा सांगितलं. त्यांचे वडील खाडीकडच्या मिठागरावर कामाला होते. मिठागराला बांध असतो आणि बांधात भरतीचं पाणी आत घ्यायला एक उघाडी असते, लाकडी दाराची. “उघाडी उघडायच्या आधी माझा बाप चारी दिशांना हाक मारायचा,” त्या म्हणाल्या. “पानी घेतंय रं! समोरून ओ आली तरच दार वर. एकाला पाणी हवं असतं तेव्हा शेजारच्याचं मीठ तयार होऊन पडलेलं असतं. दार उघडणाऱ्याला ते दिसत नाही गं. त्याला त्याचाच वाफा दिसतो.” एवढं बोलून त्या पुन्हा मशीनकडे वळल्या. मला गोष्ट आवडली. पटली असं मात्र नाही.

पटायला डोंगरीला जावं लागलं. मुंबईतल्या नव्हे, उत्तनकडच्या.

आमचं एक गिऱ्हाईक होतं, रक्त तपासणारी लॅबोरेटरी. रिपोर्ट छापायचं काम आमच्या प्रोग्रामवर नुकतंच सुरू झालं होतं. माझ्याकडे होता नावांचा शोध. लोकांची नावं कशीही लिहिलेली असायची. कुठे टिंब, कुठे मोकळी जागा, कुठे मोठं अक्षर, कुठे लहान. एकच माणूस, पण कॉम्प्युटरला तीन वेगळी माणसं वाटायची. शनिवारी दुपारी मला युक्ती सुचली. अक्षरांच्या ओळींचा मूळ क्लास उघडायचा, आणि ‘दोन ओळी सारख्या आहेत का’ हे जिथे ठरतं तिथेच सांगून टाकायचं, की टिंबं आणि मोकळ्या जागा मोजू नका. चार ओळींचं काम. शोध झकास चालला. बाकीचे तिघं प्रोग्रामर गेलेले, मॅडम आईला डॉक्टरकडे न्यायचं म्हणून लवकर निघालेल्या. वही समोर होती. सह्यांसाठी सोमवारपर्यंत थांबायचं तर लॅबची फ्लॉपी आजच जायची होती. मी वहीकडे बघितलं आणि मशीनला लुगडं नेसवून घरी गेले.

लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्या बारा खाचांच्या ट्रेमध्ये ठेवायचे. बाटलीचा नंबर म्हणजे ट्रेचा नंबर, टिंब, खाचेचा नंबर. एरवी दिवसाला आठ-नऊ ट्रे भरायचे. त्या सोमवारी अकरा भरले. आता पहिल्या ट्रेची बारावी खाच म्हणजे १.१२, आणि अकराव्या ट्रेची दुसरी खाच म्हणजे ११.२. हे नंबरही अक्षरांच्या ओळी म्हणूनच ताडले जायचे. टिंब काढा. दोन्ही एकशे बारा.

मंगळवारी सकाळी लॅबमधून फोन आला. मॅडमनी त्यांना बजावून ठेवलं होतं, तीन महिने हाताने लिहायचं रजिस्टर बंद करू नका आणि रोज सकाळी दोन्ही ताडून बघा. तिथली मुलगी ताडत होती आणि एक रिपोर्ट जुळत नव्हता. ११.२ नंबरच्या बाईंची साखर रजिस्टरमध्ये अगदी व्यवस्थित होती, आणि छापील रिपोर्टात भलतीच वाढलेली. छापील आकडे १.१२चे होते.

मॅडमनी मशीन उघडलं. कोणता बदल कुणी केला, हे त्या भाषेत आपोआप नोंदलं जायचं. माझी आद्याक्षरं तिथे होती. त्यांनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि बोटांची पेरं मोजत पुटपुटल्या, “एक पॉइंट अकरा, अकरा पॉइंट एक. एक पॉइंट बारा, अकरा पॉइंट दोन. बस्, दोनच जोड्या.” पहिल्या जोडीचे रिपोर्ट लॅबमध्येच पडून होते, ते तिथल्या तिथे थांबवले. दुसऱ्या जोडीतला ११.२चा रिपोर्ट आदल्या संध्याकाळीच नेलेला होता. नाव फिलोमिना, वय एकसष्ट, पत्ता डोंगरी, चर्चच्या मागे. फोन नाही.

“आदमी भेजते हैं,” भरतभाई म्हणाले.

“आम्ही जातोय,” मॅडम म्हणाल्या. आणि मला, “चप्पल घाल.”

भाईंदर पश्चिमेहून बस मिळाली. वाटभर त्या पत्त्याचा कागद हातात धरून बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला काहीही दिसत नव्हतं. माझ्या चार ओळींमुळे एका बाईचं काय झालं असेल, एवढंच डोक्यात होतं. आणि नोकरी गेली, हेही होतं, खोटं कशाला सांगू.

घर सापडलं. ओटीवर खाटेवर म्हातारी आडवी होती. घामाने डबडबलेली, हात थरथरत होते. सून वारा घालत होती. मॅडम तिच्या उशाशी बसल्या आणि ऑफिसातली भाषा त्यांनी दाराबाहेरच ठेवली.

“फिलोमिनाबाय, साखरेची गोली घेतली काय गो?”

“घेतली. काल डाक्टरान दिली, सकाली घेतली.”

“जेवलीस?”

“न्हाय. भूकच न्हाय.”

मॅडम उठल्या, सुनेच्या मागोमाग सरळ चुलीपाशी गेल्या आणि साखरेचा डबा घेऊन आल्या. पेल्यात मूठभर साखर, पाणी, आणि पेला म्हातारीच्या ओठाशी. घोट घोट करून सगळा पाजला. मग रिक्षा, मग तोच डॉक्टर. डॉक्टर आधी आमच्यावर उखडला, मग घाबरला, मग कामाला लागला. दोन तासांनी फिलोमिनाबाय उठून बसली आणि तिने सुनेला विचारलं, कोंबड्यांना दाणा घातला का.

मला वाटलं, आता निघायचं. मॅडमनी माझ्या दंडाला धरून मला खाटेसमोर उभं केलं. “सांग.”

मी सांगितलं. रडत सांगितलं, धड सांगताही येत नव्हतं. “आजी, तुमचा रिपोर्ट चुकला. चूक माझी आहे. दुसऱ्या कुणाचे आकडे तुमच्या कागदावर आले.”

म्हातारीने मला खालून वर न्याहाळलं. “तू डाक्टर हाय?”

“नाही. मी कॉम्प्युटरवर काम करते.”

“मग तू माजा रगत बगितलास कवा?”

“नाही बघितलं.”

“बग,” ती सुनेला म्हणाली, “बगितला न्हाय, आन लिवला.”

निघताना तिने सुनेकरवी वर्तमानपत्रात बांधून सुके बोंबील दिले. मी नको नको म्हणत होते, मॅडमनी डोळे वटारले, मी घेतले.

दुसऱ्या दिवशी भरतभाईंनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. मला काढायचं हे त्यांनी ठरवलेलंच होतं, आणि त्यांच्या जागी मी असते तरी तेच ठरवलं असतं. मॅडमनी माझी बाजू घेतली नाही. “चूक हिचीच आहे. वही समोर असून लिहिलं नाही,” त्या म्हणाल्या. “पण फ्लॉपी निघायच्या आधी वही बघायची, हे काम माझं. शनिवारी मी न बघता गेले. हिला काढणार असाल तर मलाही विचारा. आणि हिला काढून नवीन पोरगी आणाल, ती हीच चूक पहिल्यापासून करेल. हिची करून झालीय.”

भरतभाई पेपरवेट खाली ठेवून उठले. मग म्हणाले, “शालनबेन, तमे जाणो.”

माझी नोकरी राहिली. त्या नोकरीवर आमचं घर पुढची दोन वर्षं चाललं, नवऱ्याला दुसरं काम मिळेपर्यंत. शिक्षाही झाली. महिनाभर रोज सकाळी सातला लॅबमध्ये जायचं, रजिस्टर आणि छापील रिपोर्ट एकेक ओळ ताडायची, आणि प्रत्येक बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचायचं. आकडा नाही, नाव. पंधरा दिवसांत मला त्या नंबरांमागे माणसं दिसायला लागली. कुणाची बाटली आठवड्यात दुसऱ्यांदा आली की काळजी वाटायची. माझा नावांचा शोध मी पुन्हा लिहिला. मूळ क्लासला हात न लावता, त्याच्यावरून ‘रुग्णाचं नाव’ असा वेगळा क्लास काढून, टिंबं विसरायची ती तेवढ्या क्लासनेच. वहीत लिहिण्याची गरज नव्हती, तरी लिहिलं. ‘कुणापुरतं: फक्त नावांपुरतं.’ मॅडमनी वाचलं, “आता कसं,” म्हणाल्या, आणि सही केली. एवढंच. डोंगरीचा विषय त्यांनी पुन्हा कधीही काढला नाही. टोमणा नाही, आठवण नाही, नवीन मुलांना धडा म्हणून सांगणं नाही. मला त्याचं तेव्हा फार बरं वाटायचं. त्या ते सगळं विसरल्या असाव्यात, असंच मी धरून चालले.

पुढे काम वाढलं, भरतभाईंनी ऑफिस अंधेरीला नेलं. तिथे काचा होत्या, एसी होता, पूड नव्हती. मॅडमची आई अंथरुणाला खिळली होती, म्हणून त्या आल्या नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी हिरवी वही माझ्या हातात दिली आणि लुगडी घडी करून पिशवीत भरली. मी अंधेरीत वही चालू ठेवली. नवीन मुलं हसायची, मी हसू द्यायचे आणि सही घ्यायचे. आजवर जेवढं नीट काम केलं, ते त्या एका प्रश्नावर केलं. हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही, याचं मात्र वाईट वाटतं.

दशक संपता संपता, एका रविवारी सकाळी, मी भाईंदर पश्चिमेला भाजीला गेले होते. उत्तनकडे जाणारी बस उभी होती आणि खिडकीशी घरत मॅडम. केस बरेच पांढरे झालेले. मी पिशव्या सावरत खिडकीशी धावले.

“मॅडम! इकडे कुठे?”

“अगं वैशाली! बारीक झालीस. मी डोंगरीला चाललेय.”

“डोंगरीला कुणाकडे?”

“फिलोमिनाबायकडे.”

मला आधी नाव आठवलंच नाही. मग आठवलं. त्यांच्या मांडीवर लॅबचा लांबट लिफाफा होता. पलीकडच्या अंगाला एका पिशवीतून चौकडीच्या लुगड्याचा तुकडा डोकावत होता, त्यात काहीतरी बांधलेलं.

“तिचं रक्त दर दोन-तीन महिन्यांनी तपासून घेते,” त्या म्हणाल्या, “कागद स्वतः नेऊन देते. दुसऱ्या कुणाच्या हातून आलेला कागद ती घेतच नाही आता. बरोबरच आहे तिचं.”

“तेव्हापासून? इतकी वर्षं?”

“हो.”

“मॅडम, चूक माझी होती. मला का नाही सांगितलंत? मीही आले असते.”

ड्रायव्हरने बस सुरू केली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं, पहिल्या आठवड्यात पाहिलं होतं तसंच. मला वाटलं, त्या आता तोच प्रश्न विचारणार. पण त्यांनी खिडकीतून हात काढून माझ्या गालाला लावला.

“तुझं तू केलंस की गं,” त्या म्हणाल्या. “हे माझ्यापुरतं होतं.”